कॉर्नर मिळाला, पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

फुटबॉलच्या सामन्यात रेफ्रीनं कोपऱ्याकडे हात केला, की प्रेक्षकांत एक लहर उठते. बसलेले उभे राहतात, उभे असलेले दोरीपर्यंत पुढे सरकतात, चहाच्या टपरीवर गेलेला माणूस ग्लास हातात घेऊनच पळत येतो. 'कॉर्नर, कॉर्नर' असा गलका होतो. एक पोरगा चेंडू कोपऱ्यात ठेवतो, चार पावलं मागे जातो, हात वर करतो आणि किक मारतो. चेंडू पहिल्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून परत येतो, नाहीतर सगळ्यांच्या डोक्यावरून मैदानाच्या पलीकडच्या बाजूला निघून जातो. उठलेली लहर खाली बसते. मग मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, याच्यापेक्षा माझी आजी बरी मारेल!" लोक हसतात. पण त्या हसण्यात वैताग असतो.

हे दृश्य नगरच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर दिसतं, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दिसतं, गोव्यात फातोर्ड्याला दिसतं आणि दूरचित्रवाणीवर भारताचा सामना पाहतानाही दिसतं. आपला जिल्हा तसा क्रिकेटचा. जहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणेचं मूळ संगमनेर तालुक्यातलं आश्वी, हे इथलं लहान मूलही सांगेल. पण नगर हे छावणीचं गाव आहे. रणगाड्यांच्या आणि पायदळाच्या प्रशिक्षण केंद्रांमुळे इथल्या लोकांना फुटबॉल नवा नाही. पावसाळा आला की पोरं चेंडू काढतात आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला शौकीन जमतात. या शौकिनांची एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे : 'आपल्या पोरांना सगळं येतं, फक्त कॉर्नर मारता येत नाही.'

ही तक्रार किती खरी, किती खोटी? आणि खरी असेल तर दोष कुणाचा? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

आधी कॉर्नर म्हणजे काय ते पाहू. बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूला शेवटचा स्पर्श होऊन चेंडू त्याच्याच गोलरेषेच्या बाहेर गेला आणि गोल झाला नाही, तर समोरच्या संघाला कोपऱ्यातून किक मिळते. कोपऱ्यात एक यार्ड त्रिज्येची पाव वर्तुळाची खूण असते, चेंडू तिथे ठेवायचा. विरोधी खेळाडूंनी त्या खुणेपासून दहा यार्ड, म्हणजे ९.१५ मीटर दूर उभं राहायचं. कोपऱ्यातला झेंडा किमान दीड मीटर उंच हवा, त्याचं टोक अणकुचीदार नको आणि किक मारताना तो उपटून बाजूला ठेवायचा नाही. शिवाय कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. म्हणजे हल्ला करणाऱ्यांना गोलरक्षकाच्या नाकासमोर उभं राहण्याची मुभा आहे. एवढी मोकळीक खेळात दुसरीकडे क्वचितच मिळते.

हा नियम इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या मंडळींनी आधी वापरला आणि १८७२ मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशननं तो स्वीकारला. कॉर्नरवरून चेंडू कुणालाही न लागता सरळ जाळ्यात गेला तर तो गोल धरायचा, हे मात्र १९२४ मध्ये ठरलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्झारीनं उरुग्वेविरुद्ध असा गोल केला. उरुग्वे तेव्हा ऑलिंपिक विजेता होता, म्हणून दक्षिण अमेरिकेत अशा गोलाला आजही 'ऑलिंपिक गोल' म्हणतात. अलीकडची गोष्ट सांगायची तर २०२५ च्या जुलैपासून गोलरक्षकानं चेंडू आठ सेकंदांहून जास्त वेळ हातात धरून ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर द्यायचा असा नियम झाला आहे. कॉर्नरला शिक्षेची किंमत आली, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही त्याचा धाक वाटतो.

आता प्रश्न असा, की हा धाक खरा आहे का? ख्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली या दोन अभ्यासकांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या १३४ सामन्यांतले १,४३४ कॉर्नर एक एक करून तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या हिशेबाचं उत्तर आहे. शंभर कॉर्नर मारले तर गोल होतात साधारण दोन. एका संघाला एका सामन्यात पाच-सहा कॉर्नर मिळतात असं धरलं, तर कॉर्नरवरचा एक गोल पाहायला जवळजवळ दहा सामने वाट पाहावी लागते. आणि हे जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगमध्ये, गालिच्यासारख्या हिरवळीवर, कोट्यवधी पगार घेणाऱ्या खेळाडूंचं! मग आपल्या पोरांना शिव्या देताना आपण जरा जपून बोलायला हवं.

तरीही प्रत्येक कॉर्नरला आपण उभे राहतोच. याचं कारण मला मुशायऱ्यात सापडतं. शायर शेराचा पहिला मिसरा म्हणतो, तो पुन्हा म्हणतो, आणि सारी मैफल पुढे वाकते. दुसऱ्या मिसऱ्यात काय येणार याचा अंदाज प्रत्येकजण मनाशी बांधत असतो. कॉर्नर हा फुटबॉलमधला असा पहिला मिसरा आहे. एरवी खेळ वाहता असतो, विचार करायला फुरसत नसते. कॉर्नरला मात्र खेळ थांबतो, सगळे आपापल्या जागी येतात, आणि पाहणाऱ्याला आशा करायला वीस-पंचवीस सेकंद मिळतात. इतका वेळ वाढवलेली आशा एका क्षणात मोडली, तर वैताग येणारच. चालत्या खेळात चुकलेल्या दहा पासांचा इतका राग येत नाही, तो यामुळेच.

आणि आशा ठेवायला दाखलेही आहेत. १२ जुलै १९९८ रोजी पॅरिसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदाननं ब्राझीलविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच दोन गोल केले. दोन्ही डोक्यानं, दोन्ही कॉर्नरवर. पुढच्याच वर्षी, २६ मे १९९९ ला बार्सिलोनात युरोपच्या क्लबांचा अंतिम सामना नव्वद मिनिटं उलटून गेली तरी बायर्न म्युनिक १-० असा जिंकत होता. जादा वेळेत बेकहॅमनं दोन कॉर्नर मारले, त्यांतून मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल झाले आणि चषक इंग्लंडला गेला. हे सामने ज्यांनी पाहिले, ते 'शंभरात दोन' या हिशेबावर कसा विश्वास ठेवतील?

आपल्या घरचे दाखलेही कमी नाहीत. ९ ऑक्टोबर २०१७ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक त्या वर्षी भारतात भरला होता. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला आणि मणिपूरच्या जिक्सन सिंगनं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतला भारताचा तो पहिला गोल. म्हणजे इतक्या वर्षांनी दार उघडलं ते कोपऱ्यातून! त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. दुर्दैव असं, की त्या गोलाचा जल्लोष सुरू असतानाच, मिनिटाभरात, कोलंबियानं दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला.

दुसरा दाखला मुंबईचा. १७ मार्च २०१९, अंधेरीचं मैदान, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ संपत आलेला, पेनल्टीची तयारी मनात सुरू झालेली. ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या दिमास देलगादोनं कॉर्नर मारला आणि राहुल भेके या मुंबईच्या बचावपटूनं डोकं लावलं. सामना तिथंच संपल्यात जमा होता. मराठी मुलाच्या डोक्यानं गोव्याच्या चाहत्यांचं मन मोडलं. हळहळावं की अभिमान बाळगावा, असा पेच अनेक मराठी शौकिनांना त्या रात्री पडला असेल.

गोव्याची बाजूही सांगायला हवी. तिथल्या ब्रँडन फर्नांडिसचा पाय अशा किकसाठी नावाजलेला. १५ ऑक्टोबर २०१९ ला कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध भारत एका गोलानं मागे होता. ८८ व्या मिनिटाला ब्रँडनचा कॉर्नर आणि गोव्याच्याच आदिल खानचं डोकं, सामना १-१. महिनाभरानं दुशान्बेला अफगाणिस्तानविरुद्ध जादा वेळेत पुन्हा ब्रँडनचाच कॉर्नर, या वेळी डोकं सेमिनलेन डुंगेलचं, आणि पुन्हा १-१. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध ब्रँडनच्या कॉर्नरवर राहुल भेकेनं बरोबरी साधली. एका संघाला एक भरवशाचा पाय लाभला तर काय होतं, त्याची ही उदाहरणं.

आणि असा पाय नसला, किंवा त्याचा उपयोग झाला नाही, तर? २०२७ च्या आशियाई चषकासाठीच्या पात्रता फेरीत भारताच्या गटातून एकच संघ पुढे जाणार होता. पहिल्या चार सामन्यांत भारताचे मिळून दोनच गोल झाले आणि विजय एकही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला, आपल्याच मैदानावर, सिंगापूरनं २-१ असं हरवलं आणि वाट बंद झाली. चार सामन्यांत दोन गोल करणाऱ्या संघाला चालत्या खेळातला गोल दुर्मीळ असतो. त्याच्यासाठी प्रत्येक कॉर्नर म्हणजे दुष्काळात मिळालेली घागर. ती वाटेत सांडली तर घरात वाद होणारच. नगरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग कॉर्नर इतका का चुकतो? थोडं गणित करू. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मैदानाची रुंदी साधारण ६८ मीटर ठेवतात. गोलची रुंदी ७.३२ मीटर. म्हणजे कोपऱ्यापासून जवळचा खांब तीस मीटरवर आणि गोलचा मध्य चौतीस मीटरवर. जवळच्या खांबाच्या अलीकडे एक बचावपटू उभाच असतो. तो उडी मारून आठ-साडेआठ फुटांपर्यंत चेंडू अडवू शकतो. चेंडू त्याच्या वरून जायला हवा आणि पुढच्या सहा-सात मीटरांत आपल्या खेळाडूच्या कपाळाच्या उंचीवर उतरायला हवा. गोलच्या फार जवळ पडला तर गोलरक्षक हातांनी उचलतो, फार दूर पडला तर डोक्यानं मारूनही जोर राहत नाही. एकूण योग्य जागा किती, तर शेजारी शेजारी टाकलेल्या दोन खाटांएवढी. आणि चौतीस मीटरवर पायाची दिशा एका अंशानं चुकली, तर चेंडू जवळजवळ दोन फूट बाजूला जातो. एक अंश म्हणजे घड्याळातल्या दोन मिनिटांमधल्या अंतराचाही सहावा हिस्सा!

त्यात चेंडूची गिरकी. चेंडूला बाजूनं घासून मारलं की तो फिरतो, आणि फिरणारा चेंडू हवेत वळतो. गोलकडे वळणारा कॉर्नर गोलरक्षकाला गोंधळात पाडतो. कुणाचा नुसता केस लागला तरी आत जाऊ शकतो. गोलपासून बाहेर वळणारा कॉर्नर धावत येणाऱ्याच्या कपाळावर नेमका येतो, त्याला जोर लावता येतो. उजव्या कोपऱ्यातून डाव्या पायाच्या खेळाडूनं मारला तर चेंडू आत वळतो, उजव्या पायाच्या खेळाडूनं मारला तर बाहेर. म्हणून चांगल्या संघात दोन्ही पायांचे किक मारणारे लागतात. आपल्याकडे बहुतेक वेळा जो संघात मोठा, तोच दोन्ही कोपऱ्यांत पळतो.

चुकलेले सगळे कॉर्नर मात्र सारखे नसतात. चेंडू नेमक्या जागी आला, आपल्या खेळाडूनं उडीही मारली आणि डोक्याचा फटका बारवरून गेला, तर ती चूक नव्हे, ते नशीब. चेंडू थोडा लांब गेला, तर निदान पलीकडे कुणी तो परत आणू शकतो. पण चेंडू पहिल्याच माणसाला लागला, तर पेटीत उभ्या असलेल्या सहा-सात जणांचं पळणं, ढकलणं, उड्या मारणं सगळं फुकट. तिथे गोलची शक्यता शंभरात दोन नसते, शून्य असते. प्रेक्षकांचा खरा राग या प्रकारावर असतो आणि तो रास्त आहे. भिंगारच्या बाजूला पोरांना खेळ शिकवणारे एक निवृत्त जवान आहेत. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. एका पोरानं त्यांना विचारलं, "उस्ताद, कॉर्नर कुठं मारू?" ते म्हणाले, "आधी कुठं मारायचा नाही ते ठरव, बेटा. पहिल्या गड्याच्या अंगावर मारू नको. बाकी कुठंबी चालंल." पुस्तकातली अर्धी विद्या या दोन वाक्यांत आली.

दुसरा एक प्रकार प्रेक्षकांना मुळीच आवडत नाही. कोपऱ्यातून चेंडू उंच न मारता जवळच्या साथीदाराला हळूच द्यायचा. त्याला छोटा कॉर्नर म्हणतात. तो दिला की कडेनं शिट्ट्या सुरू. 'घाबरला रे घाबरला!' पण त्यामागे विचार असतो. चेंडू आपल्याकडे राहतो, किकचा कोन बदलतो, जागेवर उभे असलेले बचावपटू हलतात. आणि आणखी एक भीती असते. कॉर्नरला आपले उंच बचावपटू पुढे गेलेले असतात, मागे मैदान मोकळं असतं. २ जुलै २०१८ ला रशियातल्या विश्वचषकात जपान आणि बेल्जियम २-२ असे होते. जादा वेळेत जपानला कॉर्नर मिळाला. तो सरळ बेल्जियमच्या गोलरक्षकाच्या हातात गेला, त्यानं चेंडू पुढे सोडला आणि काही सेकंदांत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बेल्जियमचा गोल झाला. आपल्याच कॉर्नरवर जपान विश्वचषकाबाहेर गेला. तेव्हा छोटा कॉर्नर घेणारा पोरगा भित्रा असतोच असं नाही. कदाचित तो शहाणा असतो.

इथवर झाली कॉर्नर अवघड असल्याची वकिली. पण अवघड गोष्ट शिकता येत नाही असं थोडंच आहे? इंग्लंडच्या आर्सेनल संघानं निकोला जोव्हेर नावाचा एक खास प्रशिक्षक ठेवला. कॉर्नर आणि फ्री किक बसवणं हेच त्याचं काम. २०२३-२४ च्या हंगामात आर्सेनलनं लीगच्या ३८ सामन्यांत कॉर्नरवर १६ गोल केले. जिथे एका गोलासाठी दहा सामने थांबायचं, तिथे अडीच सामन्यांत एक. खेळाडूंना नवे पाय फुटले नव्हते. कोण कुठून पळणार, कोण गोलरक्षकाची वाट अडवून उभा राहणार, चेंडू कुठे पडणार, हे आधी ठरलं होतं आणि शेकडो वेळा घोटलं गेलं होतं.

आपल्या हॉकीचंही उदाहरण आहे. पेनल्टी कॉर्नर, ज्याला आपण शॉर्ट कॉर्नर म्हणतो, तो वाया घालवण्याबद्दल हॉकीचे शौकीन एके काळी असाच जीव जाळत. मग ड्रॅग-फ्लिक हे कसब घोटून घेतलेले खेळाडू तयार झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतानं कांस्यपदक जिंकलं तेव्हा कर्णधार हरमनप्रीत सिंगचे एकट्याचे दहा गोल होते आणि त्यांतले बरेचसे पेनल्टी कॉर्नरवरचे. हॉकीत जमलं ते फुटबॉलमध्ये जमणार नाही, असं मानायचं कारण नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते मैदानात, तेही अगदी लहानपणच्या मैदानात. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळशा शाळांची मैदानं पाहा. गवत नाही, मुरूम आहे. रुंदी पन्नास मीटर असली तर नशीब. अशा मैदानावर कोपऱ्यापासून गोलचा मध्य पंचवीस मीटरवर येतो. तिथे पाय बसलेला मुलगा जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत मोठ्या मैदानावर गेला की त्याचा चेंडू बरोबर नऊ मीटर आधी पडतो, म्हणजे पहिल्या बचावपटूच्या पायाशी. आपण म्हणतो, 'दडपण आलं.' दडपण नव्हे, अंतर आलं!

कोपरे तर विचारूच नका. एका कोपऱ्याला कंपाउंडची भिंत, दुसऱ्याला पाण्याची टाकी, तिसऱ्यात सायकली लावलेल्या. किक मारायला चार पावलं मागे जायची सोय नाही. मुरमावर टेकवायचा पाय घसरतो. पाय घसरला की चेंडू एकतर आकाशात, नाहीतर जमिनीलगत. आणि ज्यानं डोकं लावायचं, त्याचं दुखणं वेगळंच. उडी मारली की पडावं लागतं, मुरमावर पडलं की गुडघा, कोपर सोलून निघतं. घरी गेल्यावर आईची बोलणी वेगळी. म्हणून पोरं उडी न मारता खेळायला शिकतात. पायांत जादू येते, पण चेंडू हवेत आला की माना खाली. पुढे त्याच पोरांना आपण मोठ्या मैदानावर विचारतो, 'अरे, डोकं का लावत नाही?' ज्या मातीनं त्यांना पडायला भीती शिकवली, त्या मातीला कुणी विचारत नाही.

सरावाचं गणितही तसंच. तासाभराचा सराव, वीस-पंचवीस पोरं, एक चेंडू, फार तर दोन. त्यात सामना खेळायची घाई. एकानं वीस कॉर्नर मारायचे आणि बाकीच्यांनी उभं राहायचं, हे कुणालाच आवडत नाही. मग कॉर्नर मारायची पहिली संधी मिळते ती थेट सामन्यात, शे-दोनशे लोकांसमोर. तालमीत एकदाही न घेतलेला डाव पैलवानानं फडात टाकावा, तशातला हा प्रकार. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी नावं संघांमागे आहेत ती तालीम मंडळांची, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. तालीम म्हणजे घोटून घेणं. शब्द आपल्याकडे आहे, त्याचा अर्थ तेवढा मैदानावर आणायचा आहे.

आता थोडं आपल्याविषयी, म्हणजे कडेला उभ्या राहणाऱ्यांविषयी. शौकिनानं ओरडू नये असं मी म्हणणार नाही. ज्याला काही वाटत नाही तो ओरडत नाही, तो घरी जातो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं दोन कॉर्नर वाया घालवले आणि तिसऱ्याला त्याच्या नावानं, त्याच्या मोहल्ल्याच्या किंवा आळीच्या नावानं हाका सुरू झाल्या, तर तिसरा कॉर्नर तो घ्यायलाच जात नाही. चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो. पुढच्या मोसमात कधी कधी तो मैदानावरही येत नाही. एक कॉर्नर वाया गेल्याचं नुकसान शंभरात दोन. एक पोरगा वाया गेल्याचं नुकसान कोणत्या हिशेबात धरायचं? मुलींचे संघ आता कुठे उभे राहत आहेत. तिथे तर प्रेक्षकांच्या एका वाक्यानं घरचं दार बंद होऊ शकतं.

तेव्हा राग गिळू नका, त्याला कामाला लावा. पुढच्या सामन्याला खिशात एक छोटी वही न्या. आपल्या संघाला कॉर्नर किती मिळाले, त्यांतले पहिल्या माणसाला लागले किती, लांब गेले किती आणि आपल्या खेळाडूच्या डोक्याला लागले किती, एवढ्या चार रेघा ओढा. चार-पाच सामन्यांची वही प्रशिक्षकापुढे ठेवली, तर तो ऐकेल. 'पोरांना कॉर्नर येत नाही' या वाक्यावर भांडण होतं. 'तीस कॉर्नरपैकी अठरा पहिल्या माणसाला लागले' अशा वाक्यावर सराव होतो.

आणि मैदानासाठी मागणं मागताना स्टेडियम मागू नका. स्टेडियम मागितलं की फाइल फिरत राहते. चार बांबू मागा, टोक बोथट केलेले, जमिनीच्या वर किमान दीड मीटर येतील एवढे. त्यांना बांधायला चार फडकी. फक्कीची एक पिशवी. कोपऱ्यातली भिंत हलवता येत नसेल, तर मैदानाची रेषाच चार पावलं आत घ्या, किक मारणाऱ्याला मागे जायला जागा होते. गोलसमोरच्या पेटीत मुरूम खणून दोन ट्रॉली पोयट्याची माती टाकता आली, तर पोरं पडायला भिणार नाहीत. हे खर्च फार मोठे नाहीत. आणि सरावाच्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं फक्त कॉर्नरची. दोन्ही कोपऱ्यांतून, दोन्ही पायांच्या पोरांनी, मोठ्या मैदानाचं चौतीस मीटर अंतर मोजून.

एवढं केल्यावरही शंभरातले नव्वदहून जास्त कॉर्नर वायाच जाणार आहेत. ते जगभर जातात. पण ते वाया जाताना चेंडू पहिल्या माणसाच्या डोक्यावरून गेलेला असेल, पेटीत दोन-तीन पोरं हवेत उडालेली असतील, आणि पडल्यावर अंग झटकून पुन्हा उभी राहतील. एवढं दिसलं, तरी चहाचा ग्लास घेऊन पळत येणाऱ्याचं पळणं वसूल झालं असं मी म्हणेन.